सांगाडा, पुनर्लेखन, ताळा: जुन्या हार्ड-बॉइल्ड लेखकांकडून गुन्हेकथा शिकण्याची रीत

1932 साली लॉस एंजेलिसमधल्या एका तेल कंपनीने आपल्या एका बड्या अधिकाऱ्याला नोकरीवरून काढलं. दारू आणि गैरहजेरी, दोन्ही हाताबाहेर गेलं होतं. वय चव्वेचाळिशीचं, घरात बायको आजारी. त्या काळात तो स्वस्तातली गुन्हेकथांची मासिकं वाचायला लागला आणि आपणही हे लिहावं असं त्याने ठरवलं. शिकण्यासाठी त्याने अर्ल स्टॅनली गार्डनर यांची एक दीर्घकथा घेतली, तिचा बारीकसारीक तपशिलांसह सारांश काढला, त्या सारांशावरून कथा स्वतः नव्याने लिहिली आणि मग आपली कथा मूळ कथेशी ताडून पाहिली. जिथे आपलं उणं दिसलं तिथे पुन्हा लिहिलं. तो माणूस म्हणजे रेमंड चँडलर, हार्ड-बॉइल्ड म्हणजे कोरड्या, कणखर शैलीतल्या शहरी गुन्हेकथांचे पुढे मोठे झालेले लेखक. त्यांची पहिली कथा डिसेंबर 1933 मध्ये 'ब्लॅक मास्क' मासिकात आली, ती लिहायला पाच महिने लागले होते. सारांशाची ही गोष्ट 1939 मध्ये त्यांनी स्वतःच गार्डनर यांना पत्रातून कळवली.

हे वाचलं तेव्हा मी इंदुरात राजेंद्रनगरच्या घरी बसून रहस्यकथा लिहीत होते आणि त्या परत येत होत्या. माझ्या कथेतला गुप्तहेर पावसात लांब कोट घालून विजयनगरच्या चौकात उभा राहायचा, व्हिस्की प्यायचा, तुटक बोलायचा. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कथा परत पाठवताना समासात एकच ओळ लिहिली होती: 'यात इंदूर कुठे आहे?' कोट, पाऊस, व्हिस्की हे सगळं मी जुन्या लेखकांकडून घेतलं होतं. त्यांनी केलेली मेहनत मात्र घेतली नव्हती. पुढे जे लिहिते आहे ते त्या मेहनतीबद्दल आहे. गेली काही वर्षं मी हेच करते आहे, आणि मराठीत गुन्हेकथा लिहू पाहणाऱ्या कुणालाही ते करता येईल.

आधी काय वाचायचं

फार वाचू नका. डॅशिएल हॅमेट यांच्या चार-पाच कथा आणि 'द माल्टीज फाल्कन' (1930), चँडलर यांची 'द बिग स्लीप' (1939), नंतरच्यांपैकी रॉस मॅकडोनल्ड यांची एखादी कादंबरी, एवढं सुरुवातीला पुरतं. इंग्रजी जड जात असेल तर हाताशी शब्दकोश ठेवा आणि रोज चारच पानं वाचा. खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांची दुकानं धुंडाळलीत तर यातलं काहीबाही हाती लागतं.

आपल्या बाबूराव अर्नाळकरांनाही वगळू नका. त्यांनी हजारावर पुस्तकं लिहिली. झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावं आजही साठीच्या पुढची माणसं प्रेमाने घेतात. त्यांच्याकडून वेग शिकावा, प्रकरण कुठे तोडायचं ते शिकावं. हॅमेट-चँडलर यांच्याकडे जायचं ते वेगळ्या कामासाठी: गुन्हा शहरातून कसा उगवतो आणि वाक्य किती कोरडं ठेवता येतं, हे पाहायला.

सांगाडा काढणं

एक कथा निवडा, साधारण वीस-पंचवीस पानांची. कादंबरी घेऊ नका, महिनोन्महिने जातील. वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे प्रसंग क्रमाने लिहा: जागा कोणती, आत कोण येतं, कोणाला काय हवं आहे, वाचकाला नवीन काय कळतं, प्रसंग कशावर संपतो. उजवीकडे त्या प्रसंगाला मूळ लेखकाने किती ओळी दिल्या ते मोजून लिहा. हे मोजणं कंटाळवाणं वाटतं, पण टाळू नका. खुनाला सहा ओळी आणि खोलीत शिरून खुर्चीवर बसेपर्यंत बावीस ओळी, असं जेव्हा आकड्यात दिसतं तेव्हा लेखक वजन कुठे टाकतो ते समजतं.

सांगाड्यात लेखकाचं एकही वाक्य उतरवायचं नाही. उपमा नाही, विशेषण नाही, संवाद नाही. 'ती पैसे देते, पण नाव खोटं सांगते' एवढंच.

मग वही बंद करा आणि निदान आठवडाभर तिला हात लावू नका. चँडलर यांनी असं केल्याचं कुठे नाही, ही माझी भर आहे. मूळ वाक्यं कानातून निघून जायला तेवढे दिवस लागतात.

आता सांगाड्यावरून कथा मराठीत लिहा. पहिल्या खेपेला शहर बदलू नका, सॅन फ्रान्सिस्को असेल तर सॅन फ्रान्सिस्कोच राहू द्या. कथा लगेच इंदुरात आणली तर ताडून बघताना दोन शहरांमधला फरक दिसतो आणि दोन लिहिणाऱ्यांमधला फरक झाकला जातो. शहर दुसऱ्या खेपेला बदला.

ताळा करताना मी तीन रंगांच्या पेन्सिली घेते. मूळ लेखकाने जे सांगितलंच नाही ते मी समजावून सांगितलं असेल तर लाल. त्याच्याकडे हाताला लागेल अशी वस्तू आहे आणि माझ्याकडे नुसती भावना आहे, तिथे निळी. हिरवी संवादासाठी: प्रश्न विचारल्यावर सरळ उत्तर किती ओळींनी मिळतं, ते त्याचं आणि माझं. माझ्या पहिल्या वहीत लाल रंगच सगळीकडे होता. 'ती खोटं बोलत आहे हे त्याच्या लक्षात आलं' अशी वाक्यं पानागणिक. मूळ कथेत लक्षात येणं-बिणं काही नव्हतं; बाईने पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली, बस्स. आपण मराठीत वाचकाचा हात धरून चालायला फार पटकन जातो. ही सवय लाल पेन्सिलीखेरीज सुटलेली मी पाहिलेली नाही.

ही पुनर्लेखनं छापायला द्यायची नाहीत. घटनाक्रम दुसऱ्याचा आहे, तो दुसऱ्याचाच राहतो. उघड भाषांतर म्हणून काही करायचं असेल तर ती गोष्ट वेगळी. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, आणि चँडलर 1959 मध्ये, हॅमेट 1961 मध्ये वारले.

मनाचं दार बंद ठेवून एक प्रसंग

'द माल्टीज फाल्कन'मध्ये हॅमेट आपल्या गुप्तहेराच्या, सॅम स्पेडच्या, मनात एकदाही शिरत नाहीत. रात्री दोनच्या सुमाराला फोन येतो, भागीदार मारला गेल्याचं कळतं. त्यानंतर स्पेड तंबाखूची पिशवी घेतो आणि सिगारेट वळतो. ती कशी वळली हे हॅमेट सावकाश, बोटाबोटाने सांगतात. दुःखाबद्दल चकार शब्द नाही.

याचा सराव असा करा. दोनशे शब्दांचा एक प्रसंग लिहा आणि त्यात हे शब्द वर्ज्य माना: वाटलं, जाणवलं, आठवलं, समजलं, लक्षात आलं, मनात, विचार, जणू. 'जणू' यादीत आहे कारण मराठीत भावना मागच्या दाराने आत येते ती बहुधा 'जणू'चाच हात धरून. माझ्या वहीतला एक तुकडा देते:

रात्री सव्वादोनला फोन वाजला. दत्ताने तिसऱ्या रिंगला उचलला. 'हं,' म्हणाला, आणि बराच वेळ ऐकत राहिला. 'शास्त्री पुलाच्या खाली की वर?... नाही, वहिनींना मी सांगतो. तुम्ही नका फोन करू.' फोन ठेवून त्याने उशाखालची चुन्याची डबी काढली. तळहातावर तंबाखू घेतली, नखाने चुना लावला, अंगठ्याने मळायला लागला. भुगा झाला तरी मळत होता. मग उठला, सगळं खिडकीतून बाहेर टाकलं आणि मोरीत जाऊन हात धुतले. दोनदा धुतले.

दत्ता परदेशीपुऱ्यातल्या गिरणी कामगाराचा मुलगा आहे. त्याच्या हातात सिगारेटचा कागद दिला असता तर मी पुन्हा कोट-पावसाकडेच गेले असते. हॅमेट यांच्याकडून काय घ्यायचं ते इथे ठरतं: हातांना काम देण्याची युक्ती त्यांची, काम कोणतं ते आपल्या गल्लीतलं.

कान

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. चँडलर जन्माने शिकागोचे, पण वाढले इंग्लंडमध्ये. डलिच कॉलेजात त्यांनी ग्रीक-लॅटिन शिकलं आणि 1912 मध्ये ते अमेरिकेत परतले. अमेरिकन बोली आपल्याला परकी भाषा शिकावी तशी शिकावी लागली, असं ते सांगत. म्हणूनच ती त्यांना इतकी नीट ऐकू आली असणार, असं मला वाटतं. ज्याची ती मातृभाषा असते त्याला तिच्यातली गंमत ऐकू येईनाशी होते.

इंदूरच्या मराठी माणसाला हा कान जन्मतःच मिळतो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर माळव्याची हिंदी. पुण्यातला लेखक 'तडीपार' लिहील, आपल्याकडे गुंड 'जिलाबदर' होतो. तिथे खंडणी किंवा हप्ता, इथे दारूला पैसे मागत अडवणाऱ्याची 'अडीबाजी'. पोलीस ठाण्याचा प्रमुख आपल्याकडे 'टीआय'. बेवारस मृतदेह सापडला की हिंदी पेपरात येतं 'मर्ग कायम', म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद झाली, आणि मृतदेह जातो 'एमवाय'ला. महाराजा यशवंतराव रुग्णालय असं पूर्ण नाव घेताना मी कुणाला ऐकलेलं नाही. हे शब्द मराठी कथेत जसेच्या तसे ठेवा. त्यांच्या जागी शुद्ध मराठी प्रतिशब्द घातले की कथा इंदूर सोडून कुठलीच राहत नाही. शब्दाचा अर्थ मात्र प्रसंगातून कळेल अशी तजवीज करा; 'जिलाबदर' झालेला माणूस देवासमध्ये बहिणीकडे राहून रात्रीच्या बसने चोरून घरी येतो, एवढं दाखवलं की वेगळा खुलासा लागत नाही.

सराव: रोज सकाळी हिंदी पेपरातलं स्थानिक गुन्ह्यांचं पान वाचा आणि तीन शब्द वहीत उतरवा. आठवड्यातून एकदा एखाद्या गर्दीच्या जागी अर्धा तास बसा. मी रात्री दहानंतर सराफ्यात जाते. दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकानं असतात. ती बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांवर भुट्ट्याचा कीस आणि गराडू सुरू होतो. तिथे माणसं पैशाबद्दल, भावाबद्दल, जमिनीबद्दल मोकळेपणाने बोलतात. ऐकलेलं वाक्य घरी येऊन लगेच लिहा, सकाळपर्यंत ते आपल्या व्याकरणात शिरलेलं असतं. माणसाची ओळख पटेल असं काही मात्र वहीत नको.

आणि भाषा कधी बदलते ते टिपा. माझ्या एका कथेत वकिलांकडची कारकून बाई एका ओळखीच्या मुलाला विचारते:

'काल रात्री कुठे होतास रे?'
'घरीच होतो, काकू.'
'घरी कोण कोण होतं?'
'अरे सब थे ना, काकू. पूरा परिवार था. किसीसे भी पूछ लो आप.'

पहिलं उत्तर मराठीत, दुसरं हिंदीत. खोटं बोलायची वेळ आली तेव्हा मुलगा उंबऱ्याबाहेरच्या भाषेत गेला. बाईला ते कळलं की नाही हे मी लिहिलेलं नाही.

कलमांच्या आकड्यांनाही वय असतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाची शिक्षा 302 ऐवजी 103 कलमात आली. कथेतला जुना हवालदार 'तीनसौ दो'च म्हणेल, नवा मुलगा अडखळून दुरुस्ती करेल. कथा कोणत्या वर्षी घडते ते आधी ठरवा. इंदुरात डिसेंबर 2021 पासून पोलीस आयुक्तालय आहे, त्याआधीची कथा असेल तर पोलीस आयुक्त नावाचं पात्र चालणार नाही.

शोध घेणारा कोण

हॅमेट यांनी 1915 मध्ये पिंकर्टन डिटेक्टिव्ह एजन्सीत नोकरी धरली. मधे सैन्य आणि क्षय यांनी खंड पडला, तरी धंदा त्यांना आतून ठाऊक होता. त्यांच्या कथांमधला गुप्तहेर कॉन्टिनेन्टल ऑप हा बिननावाचा, बुटका, जाडा, चाळिशीचा पगारी माणूस. साहेबाला अहवाल द्यायचा आणि खर्चाचा हिशोब मांडायचा.

आपल्याकडे खासगी गुप्तहेराला परवाना देणारा स्वतंत्र कायदा नाही, आणि बंदूक घेऊन खुनाचा तपास करणारा खासगी गुप्तहेर इंदुरात वाचकाला पटायचा नाही. म्हणून ज्या कामाची कागदपत्रं तुम्हाला ठाऊक आहेत त्या कामातला माणूस घ्या: विम्याचा सर्व्हेअर, वकिलाचा मुन्शी, बँकेचा वसुलीवाला, सियागंजातल्या आडत्याकडचा जुना मुनीम. मी लग्नाआधी एका वकिलांकडे टायपिंग करत असे. शपथपत्रावरची तारीख आणि स्टँपपेपर विकल्याची तारीख यांत घोळ असू शकतो हे मला तिथे कळलं. माझ्या तीन कथा त्या एका माहितीवर उभ्या आहेत.

उपमाही त्या कामातूनच येऊ द्या. चँडलर यांच्या उपमांची नक्कल करणं सगळ्यात सोपं, आणि तिने सगळ्यात जास्त नुकसान होतं. मुनीम सांगत असेल तर 'तो प्रत्येक शब्द आधी तराजूत टाकून बघत होता' हे त्याचं वाटतं. पानाला एक उपमा पुरे.

चँडलर अर्ध्या कापलेल्या कागदांवर टाइप करत. एका कागदावर जेमतेम बारा-पंधरा ओळी मावायच्या, आणि तेवढ्यात काहीतरी जिवंत यायला हवं असा त्यांचा आग्रह होता. ए-फोर कागद मधोमध कापून हे जरूर करून बघा. पान छोटं असलं की सबंध पान फाडून पुन्हा लिहायला जिवावर येत नाही.

पुढच्यांनी काय घेतलं, काय टाकलं

केनेथ मिलर, म्हणजे रॉस मॅकडोनल्ड, यांनी आपल्या गुप्तहेराला लू आर्चर हे नाव दिलं. आर्चर हे स्पेडच्या मेलेल्या भागीदाराचं आडनाव. पण त्यांनी टोळ्या आणि पिस्तुलं मागे सारून कुटुंबांतली वीस-वीस वर्षं दडपलेली पापं बाहेर काढली. त्यांनी सांता बार्बराला सांता टेरेसा हे कल्पित नाव दिलं होतं. स्यू ग्राफ्टन यांनी 1982 मध्ये आपली गुप्तहेर किन्सी मिलहोन त्याच सांता टेरेसात राहायला आणली. त्याच वर्षी सारा पॅरेट्स्की यांची व्ही. आय. वॉर्शॉव्स्की शिकागोत अवतरली. जुन्या पुस्तकांतल्या बायका मोहात पाडणाऱ्या किंवा मार खाणाऱ्या. या दोघींनी त्यांना तपास करणाऱ्याच्या जागी बसवलं. आपणही जुनी पुस्तकं वाचताना हे डोळे उघडे ठेवावेत. वंशाबद्दलचं त्यातलं बरंच लेखन आज वाचवत नाही, आणि ते जुन्या काळाचा रंग म्हणून आपल्या कथेत आणायची काहीच गरज नाही.

मायकल कॉनेली कॉलेजात असताना 'द लाँग गुडबाय'वरचा 1973 चा चित्रपट पाहून चँडलर यांच्याकडे वळले. मग आधी गुन्हेवार्ताहर झाले आणि 1992 मध्ये पहिली कादंबरी आणली. नवी कादंबरी सुरू करण्यापूर्वी ते 'द लिटल सिस्टर'चं तेरावं प्रकरण वाचतात, असं त्यांनी सांगितलं आहे. त्यात चँडलर यांचा गुप्तहेर मार्लो रात्री गाडीने शहरभर फिरतो, एवढंच. तुम्हीही असं एक प्रकरण शोधून ठेवा.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं वॉल्टर मोझली यांनी. 1990 च्या 'डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस'मध्ये इझी रॉलिन्स हा कृष्णवर्णीय माणूस 1948 सालच्या लॉस एंजेलिसमध्ये विमानाच्या कारखान्यातली नोकरी गमावतो. घराचा हप्ता भरायचा म्हणून एका बाईला शोधून द्यायचं काम घेतो. शहर चँडलर यांचंच, पण त्यांच्या मार्लोला जी दारं कधी दिसली नाहीत त्या दारांतून पाहिलेलं. हे वाचून मी आमच्या गिरण्यांकडे वळले. हुकुमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद पडली आणि कामगारांची देणी 2023 च्या डिसेंबरात हाती पडायला लागली. मधल्या बत्तीस वर्षांत कितीतरी कामगार गेले. वारस कोण, सही कोणाची, कागद कोणाच्या ट्रंकेत, या प्रश्नांतून किती कथा निघू शकतात, विचार करा. तुमच्या शहरातली, गिऱ्हाइकाला किंवा पोलिसांना न दिसणारी दारं कोणती, ते शोधण्यात एक महिना गेला तरी चालेल.

शहराचा जुना गुन्हा

शेवटचा सराव मोठा आहे. 12 जानेवारी 1925 ला मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याच्या मोटारीवर हल्ला झाला. सोबत मुमताज बेगम होती, इंदूर दरबारातून निघून गेलेली नर्तकी. तिला पळवून न्यायचा बेत होता. बावला मारला गेला, आणि गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी मध्ये पडल्यामुळे ती वाचली. धागे इंदूरपर्यंत आले. एका आरोपीचा बचाव बॅरिस्टर जिनांनी केला. चौकशी आयोगाला सामोरं जाण्याऐवजी महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी फेब्रुवारी 1926 मध्ये गादी सोडली. त्याच वर्षांत हॅमेट 'ब्लॅक मास्क'मध्ये ऑपच्या कथा लिहीत होते.

या प्रकरणावर कथा लिहायला मी सांगत नाही, खऱ्या माणसांच्या तोंडी कल्पित वाक्यं घालण्यात धोका आहे. फक्त सांगाडा काढा, पहिल्या वहीत काढला तसाच: कोणाला काय हवं, कोणाला काय कळलं, कोणाचं काय गेलं. मग नावं, शहर, वर्ष पुसा. जे उरेल त्यात आजच्या इंदूरची माणसं बसवा, एखादा बिल्डर, त्याचा चुलता, घर सोडून गेलेली सून, गाडी चालवणारा पोऱ्या. आणि गोष्ट पोऱ्याच्या तोंडून सांगा.

कच्चा खर्डा झाला की दोघांना वाचायला द्या, एक इंदुरी मराठी आणि एक पुण्या-मुंबईकडचा. माझ्याकडे माझी नणंद आणि तिचे ठाण्याचे दीर आहेत. दीर जिथे अडतात तिथे मी पेन्सिलीने खूण करते आणि मग नणंदेला विचारते, 'ताई, इथे काय म्हणतात आपल्याकडे?' ती जे सांगते तेच लिहिते, आणि दिरांना पुढच्या ओळीत कळेल एवढं काहीतरी घडवते. मागच्या कथेत ते 'मर्ग'वर अडले होते. मी शब्द बदलला नाही. टीआयला रजिस्टर उघडायला लावलं, मृताच्या नावाची जागा कोरी ठेवली, आणि त्याच्याकडून पेनाचं टोपण लावून घेतलं.